जुन्या सामायिक निवासांतील उष्णजल व शीतकरण साधनांची स्वच्छता : राजुरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवणे ही जीवनावश्यक बाब असल्याने तेथील जुन्या बहुकुटुंबी इमारतींत तापकाची व शीतकाची एकच मध्यवर्ती व्यवस्था असते, आणि तिच्या नळांची, वायुमार्गांची स्वच्छता हा तेथे एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. जुन्नर तालुक्यातील राजुरी, बेल्हे, आळे, ओतूर या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे बोचरी थंडी असते. तथापि येथे कोणी खोली तापवीत नाही, स्नानाचे पाणी तापविले जाते. उन्हाळ्यात खोली थंड करण्याची साधने मात्र आता कूलर व वातानुकूलन यंत्राच्या रूपाने घरोघर येऊ लागली आहेत. म्हणून आपल्या संदर्भात 'उष्णता व शीतकरण व्यवस्था' या शब्दांचा अर्थ बंब, गीझर, सौरबंब, कूलर आणि वातानुकूलन यंत्र असाच घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखात या साधनांच्या स्वच्छतेचा विचार एका विशिष्ट मर्यादेत केला आहे. एकाच छपराखाली अनेक कुटुंबे राहतात असे जुने निवास, म्हणजे भाऊबंदांत वाटला गेलेला वाडा, मुंबईतील चाळ आणि पुण्या-मुंबईतील तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गृहनिर्माण संस्था, ही ती मर्यादा होय. या निवासांत यंत्र ज्याचे त्याचे असते, परंतु त्या यंत्राला लागणारी हवा, पाणी, भिंत आणि धूर किंवा ऊन हवा बाहेर टाकण्याची वाट ही सर्वांची असते. स्वच्छतेचा प्रश्न अवघड होतो तो नेमका येथे.

वाड्याची व्यवस्था आणि तिची वाटणी

जुन्नर परिसराला सामूहिक निवासाची परंपरा फार जुनी आहे. येथील लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि त्यासोबत पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. निवास आणि पाण्याचे टाके ही जोडी दात्यांनी एकत्रच विचारात घेतली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढील काळातील वाडा हाही एका अर्थाने शीतकरणाचे यंत्रच होता. जाड दगडी वा पांढऱ्या मातीच्या भिंती दिवसा तापण्यास वेळ घेत. चौकातील तापलेली हवा वर जाई आणि तिच्या जागी ओसरीतील, खालच्या झरोक्यांतील तुलनेने गार हवा आत ओढली जाई. स्वयंपाकघराच्या छपरातील धुराड्यातून चुलीचा धूर याच तत्त्वाने बाहेर पडे. या यंत्राला फिरणारा एकही भाग नव्हता. तरीही त्याला निगा लागे. जळमटे काढणे, धुराड्याची काजळी झाडणे, चौकातील मोरीची वाट मोकळी ठेवणे, जमीन सारवणे ही कामे घरातील स्त्रिया वर्षाच्या ठरलेल्या वेळी, विशेषतः घटस्थापनेपूर्वी, करीत असत. या श्रमाची गणना कोठेच झाली नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वाटणी झाली की हे यंत्र बिघडते. एका भावाच्या वाट्याला आलेल्या ओसरीचे स्वयंपाकघर होते, दुसरा झरोका बुजवून तेथे कपाट बसवितो, पावसाचा त्रास नको म्हणून चौकावर पत्रा येतो. मग वर जाणाऱ्या हवेला वाटच उरत नाही. धूर, वाफ आणि ओल ही तिन्ही आतच राहतात. पुढे कोणी या कोंडलेल्या चौकात कूलर ठेवला तर तो तीच दमट हवा पुनःपुन्हा फिरवितो आणि अपेक्षित गारवा मिळत नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो; त्यासाठी बाहेरची कोरडी हवा लागते. अशा वेळी कूलर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही, कारण तुंबलेला भाग यंत्राच्या बाहेर, वास्तूत असतो.

बंब ते गीझर

पाणी तापविण्याचे जुने साधन म्हणजे तांब्याचा बंब. त्याच्या मध्यभागी उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्याची जागा. नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे, मक्याची रिकामी कणसे टाकली जात आणि नळीभोवतीचे पाणी तापे. या साधनाची स्वच्छता तीन ठिकाणी करावी लागे. नळीच्या आतील काजळी, जाळीखालची राख आणि पाण्याच्या बाजूने चढलेले पांढरे किटण. पहिली दोन कामे घरी होत. किटण फार झाले किंवा बंब गळू लागला की तो तांबटाकडे जाई. पुण्यात कसब्यातील तांबट आळी या कारागिरांच्या नावानेच ओळखली जाते. व्यावसायिक स्वच्छता ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असे त्यामुळे म्हणता येत नाही.

किटण का चढते हे समजून घेतले पाहिजे, कारण गीझर आणि सौरबंब यांची निम्मी दुखणी त्यातच आहेत. आपल्या भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांतून येते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटाचे विघटन होऊन न विरघळणारे कार्बोनेट तयार होते आणि ते सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे नेमके तापक कांडीवर, बसते. हा थर उष्णतेचा मंद वाहक आहे. परिणामी कांडीची उष्णता पाण्यात उतरत नाही, कांडी अधिक तापते आणि अखेरीस जळते. वीज जास्त लागते हे नुकसान त्यामानाने लहान. जादा दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडप याच किटणाने चिकटून बसली तर गीझरची टाकी फुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच कठीण पाण्याच्या गावात वर्षातून एकदा गीझर उघडून कांडी साफ करणे, मॅग्नेशियमची संरक्षक कांडी झिजली असल्यास बदलणे आणि झडप हाताने उघडून पाहणे ही तीन कामे एकत्रच करावीत.

सौरबंबाच्या बाबतीत काचेवरची धूळ पुसली की स्वच्छता झाली असा सार्वत्रिक समज आहे. धूळ पुसलीच पाहिजे, विशेषतः रस्त्यालगतच्या घरांत. अहिल्यानगर–कल्याण महामार्गाची धूळ राजुरीच्या गच्चीवर काही दिवसांतच जाणवते. परंतु ऊन पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते आणि थंड पाणी खाली येते, या नैसर्गिक अभिसरणावर घरगुती सौरबंब चालतो. आतील नळ्या क्षाराने अरुंद झाल्या की हे अभिसरण मंदावते. काचनळ्यांच्या प्रकारात गाळ नळीच्या खालच्या टोकाला साचतो आणि तेवढा भाग निकामी होतो. बाहेरून काच चकचकीत आणि पाणी मात्र कोमट, अशी तक्रार आली की दोष आत आहे हे ओळखावे.

क्षार काढण्यासाठी बाजारात मिळणारे शौचालय धुण्याचे ॲसिड वापरण्याची पद्धत दुर्दैवाने रूढ आहे. हे हायड्रोक्लोरिक आम्ल होय. ते क्षार झपाट्याने काढते हे खरे, परंतु जस्तलेपित लोखंड खाते आणि स्टेनलेस स्टीललाही सूक्ष्म छिद्रे पाडते. जुन्या इमारतीतील आधीच झिजलेल्या नळांना तर ते सोसणारच नाही. प्रशिक्षित कारागीर सौम्य सायट्रिक किंवा सल्फामिक आम्ल ठरावीक वेळ फिरवितो आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतो. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो, ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी अशी आहे.

संस्थांच्या गच्चीवर सामायिक सौरव्यवस्था असते तेथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. पावसाळ्यात टाकीतील पाणी अनेक दिवस ना थंड ना ऊन अशा अवस्थेत राहते. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात, विशेषतः गाळ व किटण असल्यास, लेजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो; तो पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. या जिवाणूची ओळख पटली ती १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीमुळे. साठवणीचे पाणी ६० अंशांपर्यंत तापविणे आणि टाकीचा तळ वेळोवेळी रिकामा करणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत. केवळ बिल वाचविण्यासाठी पूरक विद्युत तापक कायमचा बंद ठेवणाऱ्या व्यवस्थापक समित्यांनी याचा विचार करावा.

गॅस गीझर : सर्वांत मोठा धोका

वरील सर्व विवेचन पैशाच्या व सोयीच्या पातळीवरचे मानले तरी गॅस गीझरचा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे. वीजपुरवठा अनियमित असल्याने ग्रामीण व निमशहरी भागात हे साधन लोकप्रिय झाले. लहान, बंद न्हाणीघरात ते बसविले जाते. ज्वालेला पुरेसा प्राणवायू मिळाला तर गॅसचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते. बर्नरची छिद्रे काजळीने वा कोळ्याच्या जाळ्याने अर्धवट बुजली, उष्णता घेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कचऱ्याने भरल्या किंवा खोलीतील प्राणवायूच कमी झाला, तर ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. माणसाला गुदमरल्याची जाणीव होत नाही. डोके जड होते, पाय लटपटतात आणि दार उघडण्याचे भान येण्यापूर्वीच शुद्ध हरपते. महाराष्ट्रात हिवाळ्यात न्हाणीघरातील अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि अनेकदा सुरुवातीला त्यांचे कारण हृदयविकार समजले जाते.

निळी ज्वाला पिवळी दिसू लागणे ही पहिली खूण आहे. ती दिसताच गीझर बंद करावा आणि साफ करून घेतल्याशिवाय वापरू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसविणे. बहुकुटुंबी इमारतीत मात्र 'बाहेर' म्हणजे बहुधा डक्ट. वरून झाकलेल्या डक्टमध्ये एकाने सोडलेला धूर शेजाऱ्याच्या झडपेतून त्याच्या न्हाणीघरात शिरतो. आपला गीझर स्वच्छ असूनही दुसऱ्याच्या गीझरचा वायू आपल्या घरात येतो, आणि वैयक्तिक स्वच्छतेची मर्यादा येथे उघड होते.

डक्ट : कोणाचीच नसलेली जागा

इमारतीच्या पोटातील ही उभी पोकळी मुळात उजेड व हवेसाठी ठेवलेली असते. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार न्यासाने इमारतींमधील अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोनाचा नियम आणला, त्यामागे हीच चिंता होती. न्यूयॉर्कमध्ये १८७९ च्या कायद्यानंतर भाडोत्री इमारतींना अरुंद वायुकूप ठेवले गेले. रहिवाशांनी त्यांत केर टाकला, आग लागली की तेच धुराड्यासारखे पेटले, आणि १९०१ च्या कायद्याने त्यांऐवजी मोठी अंगणे आवश्यक केली. आपल्या जुन्या संस्थांतील डक्टची अवस्था त्या वायुकुपांहून फारशी निराळी नाही. सांडपाण्याचे नळ, कबुतरांची विष्ठा, फेकलेला केर आणि या सर्वांवर गरम हवा सोडणारी वातानुकूलन यंत्रांची बाह्य एकके तेथे एकत्र नांदतात.

हाँगकाँगमधील ॲमॉय गार्डन्स या गृहसंकुलात २००३ साली सार्स रोगाची बाधा ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. चौकशीत असे आढळले की, न्हाणीघरांतील जाळीखालचे पाण्याचे अडसर कोरडे पडले होते आणि झडपेतील पंखे सुरू झाले की सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार आत ओढले जात व प्रकाशकूपातून इतर मजल्यांवर पसरत. नळकाम करणारे ज्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात तो हाच अडसर. (भारतभर इंग्रजीतही रूढ झालेला हा शब्द आपल्या न्हाणीवरून आला आहे!) न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतणे ही यावरची निगा आहे, तिला कारागीर लागत नाही.

वातानुकूलन यंत्राची निगा आणि कारागीर

डबेवाल्यांच्या व्यवसायामुळे जुन्नर-आंबेगावच्या अनेक कुटुंबांना मुंबईच्या चाळींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे. बीडीडी चाळींसारख्या १९२० च्या दशकातील इमारतींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अनेक माणसे राहिली. अशा खोल्यांत पंख्यापुरते घातलेले वायरिंग पुढे वातानुकूलन यंत्राचा भार वाहू लागले. येथे स्वच्छतेचा आणि विजेच्या सुरक्षिततेचा संबंध येतो. यंत्रातील शीत वेटोळ्यावर हवेतील बाष्प दवासारखे जमते. त्यावर धूळ बसली की ओलसर लेप तयार होतो, त्यात बुरशी वाढते, आणि पाणी वाहून नेणारी नळी तुंबते. हवा अडल्याने यंत्र अधिक वेळ चालते, वायर अधिक वेळ तापलेली राहते. बाहेरच्या एककावरील कचऱ्याने तर विजेचा प्रवाहही वाढतो.

जाळी दर पंधरवड्याला घरीच धुता येते. वेटोळे धुण्यासाठी मात्र कारागीरच हवा. तो मुख्य वीज बंद करतो काय, विजेचा फलक झाकतो काय, पाण्याचा मारा पातळ पट्ट्यांच्या दिशेनेच करतो काय, आणि शेवटी निचऱ्याच्या नळीतून पाणी ओतून पाहतो काय, एवढे पाहिले तरी कामाचा दर्जा कळतो. यासंदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 'गॅस कमी झाला' हे उन्हाळ्यातील सर्वांत महाग वाक्य आहे. शीतक वायू बंद नळ्यांत फिरतो, तो वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती असते, आणि गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. वेटोळ्यावर बर्फ धरण्याचे कारण अनेकदा केवळ धूळ असते. आधी साफ करावे, मग दाब मोजावा, हा क्रम सोडू नये. नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे, ही माहितीही कारागिराला असणे आवश्यक आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, या कारागिराची स्थिती चिंताजनक आहे. त्याला यंत्रागणिक पैसे मिळतात, मार्च ते मे या काळात घाई असते, आणि बाह्य एकक गंजलेल्या लोखंडी कंसावर, चौथ्या मजल्याच्या जीर्ण छज्ज्याबाहेर टांगलेले असते. अशा छज्ज्यावर त्याला सुरक्षापट्ट्याशिवाय उतरविणे हे रहिवाशांचेही अपराधित्व आहे. निचऱ्याचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीवर ठिबकले की आतील सळया गंजतात आणि तोच छज्जा अधिक कमकुवत होतो.

डासांचा प्रश्न याच निचऱ्याशी जोडलेला आहे. कूलरच्या टाकीत, यंत्राखाली ठेवलेल्या बादलीत एडिस डासाची उत्पत्ती होते आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासणे आवश्यक ठरते. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात, नुसते पाणी बदलून भागत नाही.

खर्चाची जबाबदारी

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याच्या टाक्या, बाहेरील नळ, सांडपाण्याचे मार्ग, गच्ची यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, आणि त्यासाठी दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के व सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के दराने गोळा करावयाचा असतो. सदनिकेतील यंत्र सदस्याचे. पण डक्ट, सामायिक सौरव्यवस्था व निचऱ्याचा मार्ग यांच्या स्वच्छतेचा भार संस्थेने उचलावा, हे या विभागणीतून निघते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी होणाऱ्या संरचनात्मक तपासणीत लोखंडी कंस आणि डक्टमधील नळ यांचीही नोंद करून घ्यावी. मुंबईतील १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे आहे. मात्र ती वास्तूच्या दुरुस्तीपुरती, भाडेकरूंच्या यंत्रांपर्यंत पोहोचत नाही.

वाटलेल्या वाड्याला यांपैकी काहीच लागू नाही. तेथे ना समिती, ना निधी. एखाद्या भावाचे कुटुंब पुण्याला, त्याच्या खोलीला कुलूप आणि त्याच्या बाजूची मोरी तुंबलेली. अशा ठिकाणी निदान कामापुरते एकत्र येणे शक्य आहे. राजुरीत सौरबंब वा वातानुकूलन यंत्राचा जाणता कारागीर बहुधा आळेफाटा किंवा नारायणगाव येथून बोलवावा लागतो आणि एका घरासाठी त्याचा येण्याजाण्याचा खर्चच जड होतो. चार-पाच घरांनी मिळून भाद्रपद संपताना, घटस्थापनेच्या साफसफाईबरोबरच, गीझर व सौरबंब उघडून घ्यावेत आणि होळीच्या आधी कूलर व वातानुकूलन यंत्रे धुवून घ्यावीत. त्या वेळी कारागिराला सवड असते. झालेल्या कामाची तारीख आणि बदललेला भाग यंत्रावरच खडूने न लिहिता एका वहीत लिहावा, आणि ती वही ज्याचे दार कायम उघडे असते अशा घरी ठेवावी.